लॅबमधल्या मॅडम

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात खेळ म्हणजे जिमखान्याची एक खोली आणि एक फिजिकल डायरेक्टर सर. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. जिमखाना फीच्या पैशातून मुलांच्या संघांचे किट आणि एसटीभाडं निघालं, की मुलींच्या ॲथलेटिक्सला फारसं काही उरत नसे. कोच ही तर चैनच.

मुली बाहेरगावी न्यायच्या तर सोबत बाई हवी. बाकी कुणाला जमेना, तेव्हा रसायनशास्त्राच्या लॅब असिस्टंट मॅडम तयार झाल्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी मनात हसलेही होते.

मी १५०० मीटर धावायची. मैदान २०० मीटरचं, फक्कीने आखलेलं. म्हणजे साडेसात फेऱ्या. टायट्रेशनची रीडिंग घ्यायची सवय असलेल्या मॅडम प्रत्येक फेरीची वेळ प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रकाने पाडून लिहायच्या. महिन्याभराने त्यांनी वही पुढे केली. "पहिल्या दोन फेऱ्यांतच तू सगळं संपवतेस गं." दम कमी पडतो असं समजून मी नुसतीच जास्त पळत होते. विद्यापीठाच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर पावणेचार फेऱ्या शेवटपर्यंत नीट धावले, ती त्या वहीमुळे.

दुसऱ्या वर्षी घरून बंदी आली. त्याच सुमारास, २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिककडच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. मॅडम ते कात्रण आणि वही घेऊन घरी आल्या. कात्रण वडिलांनी बाजूला ठेवलं. वही मात्र बराच वेळ चाळली.

पुढे मी दुसऱ्या एका कॉलेजात अकाउंट्सला लागले. क्रीडा विभागाची व्हाउचर माझ्या टेबलावर येऊ लागली, तेव्हा कळलं की पावती नसेल तर पैसे मिळत नाहीत. आमची केळी, ग्लुकोज, मेडिकलमधून आणलेले पॅड, रात्री स्टँडवरून केलेली रिक्षा. यातल्या कशाची पावती मॅडमनी घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. आम्ही ते सगळं कॉलेजचंच समजत होतो.

आमच्याकडेही सोबत जायला बाई मिळेना, तेव्हा मी हो म्हटलं आणि मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत. त्यांनी यादी सांगितली: पात्रता फॉर्म, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, चेस्ट नंबरसाठी सेफ्टी पिना, क्रेप बँडेज, सुटे पैसे. "आणि त्या सुट्या पैशांची पावती मागत बसू नकोस."