टाकीतला उजेड

आमच्या शाळेच्या विज्ञानकक्षात खिडकीशेजारी माशांची एक काचेची टाकी आहे. लांबी २ फूट, रुंदी १ फूट, उंची सव्वा फूट. पाणी मावते सुमारे ७० लिटर. एका माजी विद्यार्थ्याने ती शाळेला भेट दिली, तेव्हा तिच्यात गप्पी आणि मॉली मासे होते आणि सोबतीला प्लॅस्टिकची हिरवीगार झाडे. मधल्या सुट्टीत मुले काचेला नाक लावून उभी राहत. पण प्रकाशसंश्लेषणाचा धडा शिकवायचा आणि शेजारी प्लॅस्टिकची झाडे ठेवायची, हे आम्हा विज्ञान शिक्षकांना काही बरे वाटेना. शेवटी आम्ही हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया आणून लावले.

पहिले पंधरा दिवस कौतुकाचे गेले. मग हायड्रिलाची कांडी लांबट होऊन पाण्याच्या वर धावू लागली, खालची पाने गळू लागली. व्हॅलिसनेरियाची पाती तपकिरी पडली. आठवीतल्या एका विद्यार्थ्याकडे टाकीची जबाबदारी होती. त्याने एक दिवस विचारले, "सर, तापीत तर जलपर्णी कोणी न लावता वाढते. कॉजवेपाशी महापालिकेला ती काढावी लागते. मग आपलीच झाडे का मरतात?"

प्रश्न बिनतोड होता. भर दुपारच्या उघड्या उन्हाचे मोजमाप एक लाख लक्सच्या घरात जाते आणि वर्गातल्या उजेडाचे जेमतेम काही शे लक्स भरते. आपल्या डोळ्यांना तो वर्ग लख्ख वाटतो, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो; पानाला ती सोय नाही. जॉन इंगेनहाऊझ या डच शास्त्रज्ञाने १७७९ सालीच दाखवले होते की, पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उजेडात प्राणवायूचे बुडबुडे सोडतात आणि अंधारात सोडत नाहीत. आमच्या टाकीवर १५ वॅटची एकच जुनी ट्यूब होती. तिची टोके काळवंडलेली, खालच्या काचेवर सुकलेल्या पाण्याचे पांढरे थर. ती काच पुसल्यावरच उजेडात फरक पडला, तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले!

मग आम्ही ट्यूब काढून १० वॅटच्या २ एलईडी पट्ट्या बसवल्या. दुकानात 'कूल डेलाइट' म्हणून मिळतात त्याच, ६५०० केल्विनच्या. पूर्वी टाकीचा उजेड वॅटवर मोजत. एलईडी थोड्या विजेत जास्त उजेड देते, म्हणून आता ल्युमेन पाहावे लागतात. साध्या झाडांसाठी लिटरमागे २० ते ४० ल्युमेन पुरतात असा ढोबळ हिशेब आहे. आमच्या दोन पट्ट्यांचे मिळून सुमारे २००० ल्युमेन, म्हणजे लिटरमागे २८ च्या आसपास. हिशेब चोख बसला.

आठवड्यात नवे कोंब फुटले. पानांवर बुडबुड्यांचे मोती दिसू लागले. एवढ्या उजेडात इतके, तर जास्त उजेडात किती, असे आम्हाला वाटले आणि इथेच आम्ही चुकलो. सकाळी ७ वाजता लावलेला दिवा रात्री ९ वाजता बंद करण्याची सूचना आम्ही त्या विद्यार्थ्याला आणि पहारेकरी काकांना दिली. वर खिडकीतले ऊन होतेच. झाडे प्राणवायू देतातच, मग रात्री हवेचा पंप कशाला, म्हणून तोही बंद करू लागलो.

तीन आठवड्यांत काचेवर शेवाळ चढले आणि पाणी मुगाच्या कढणासारखे हिरवे झाले. एका सोमवारी सकाळी सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते. चार गप्पी मेले होते. वर्गातली मुले त्या विद्यार्थ्याला म्हणाली, "तूच मारलेस." तो काही बोलला नाही, फक्त मेलेले मासे जाळीने काढत राहिला.

खरे तर दोष आमचा होता. दिवसा प्राणवायू देणारी झाडे आणि शेवाळ रात्री माशांसारखाच प्राणवायू वापरतात. हे आम्हीच फळ्यावर लिहिले होते आणि आम्हीच पंप बंद केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून तसे सांगितले.

त्याचे वडील एका यंत्रमाग कारखान्यात काम करतात. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही, म्हणून ते शाळेत आले. टाकी पाहून म्हणाले, "सर, आम्हाला पंधरा दिवस रात्रपाळी लागली की पगार येतो, पण अंगाला लागत नाही. ह्या झाडांना तुम्ही डबल पाळी लावली." आम्ही हसलो, पण त्यांची गोष्ट मनात राहिली. विज्ञानाच्या भाषेत ती तंतोतंत तशी नसेल, पण रोख बरोबर होता. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजार पट सावकाश पसरतो. झाडांच्या वाट्याचा तो संपला की दिव्याखालचे उरलेले तास झाडांच्या कामी येत नाहीत, शेवाळाचे मात्र फावते.

हिरव्या पाण्यावर औषध निघाले ते अंधाराचे! आम्ही दिवे बंद करून तीन दिवस टाकी जाड कापडाने झाकली, पंप मात्र रात्रंदिवस चालू ठेवला आणि मग बरेचसे पाणी बदलले. आता टायमर लावला आहे; दिवे रोज ७ तासच लागतात. खिडकीला पडदा आहे, खाणे निम्मे केले आहे, दर शनिवारी पाव टाकी पाणी बदलते. हायड्रिला इतका वाढतो की कापून दहावीच्या प्रयोगाला द्यावा लागतो.

पुढे आम्ही मुलांना पालच्या मत्स्यालयात नेले. आपल्या महापालिकेने २०१४ साली सुरू केलेल्या या मत्स्यालयाला जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. झाडांची डोळ्यांना न दिसणारी वाढ कित्येक पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनीच बनवले, हे तिथे दाराशीच आम्ही मुलांना सांगितले. तेव्हा आमचा तो विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे त्यांनी झाडाला घाई केली नाही, नुसते नीट बघितले."

टाकीची जबाबदारी अजून त्याच्याकडेच आहे. ती त्याने मागून घेतली. मुलांच्या अभ्यासाच्या तासांवर आणखी तास चढवताना आम्हाला हल्ली त्या हिरव्या पाण्याची आठवण होते. पालकांनीही एकदा विज्ञानकक्षात येऊन टाकी बघून जावी. सायंकाळी ५ च्या आत यावे, त्यानंतर झाडांची सुट्टी असते.