योकोहामाची बस आणि दारामागची पिशवी

मैत्रिणींनो, जपानला जाऊन आलेल्या बाईकडून तुम्हाला काय ऐकायचं असतं, ते मला ठाऊक आहे. फुजी पर्वत, चेरीची फुलं, बाणासारखी सुटणारी आगगाडी! ते सगळं पाहिलं हो. त्याचे फोटो आमच्या ह्यांच्यापाशी आहेत आणि ते पाहिल्याशिवाय आमच्या घरी आल्यागेल्याला हल्ली चहा मिळत नाही. मी सांगणार आहे ती एका दिवसाची साधी बसची सहल, टोकिओहून योकोहामा बंदराची. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण त्या तीस किलोमीटरांत मी सूनबाईशी एक अक्षर बोलले नव्हते.

झालं होतं ते असं. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो. तो निशी-कसाई भागात राहतो. तिथे आपली माणसं इतकी की कढीपत्तासुद्धा मिळतो, आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचे मराठी गृहस्थ तिथल्या वॉर्डच्या सभेवर निवडून आले होते. म्हटलं, परक्या देशात पोरांचं बरं चाललंय. पण सहलीच्या दोन दिवस आधी मध्यरात्री पलंग हलला. भिंतीवरचं घड्याळ वाजायला लागलं. मी उठून बसले ती तशीच, हातपाय गार. मुलगा नातीला कवेत घेऊन टेबलाखाली गेला. आणि सूनबाई? ती सरळ दाराकडे गेली, दार सताड उघडलं, फटीत चप्पल अडकवली आणि तिथेच उभी राहिली. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. तिनं गॅस पाहिला, दार लावलं आणि म्हणाली, "लहानच होता, आई. झोपा आता."

झोपा आता! मला झोप कसली येते? मी कराडची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडिलांनी आम्हा भावंडांना अंगणात काढलं आणि दार असं काही आवळलं गेलं की आई आतच राहिली. वडील धडका मारताहेत, आतून आई हाका मारतेय. दार निघालं शेवटी, पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणातच काढल्या, डिसेंबरच्या थंडीत.

तेव्हा सकाळी चहाच्या वेळी मी मुलाला स्पष्ट म्हणाले, "पुरे झालं हे. पोरीला घेऊन परत या." मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. सूनबाई कप विसळत होती, ती विसळतच राहिली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

तिकिटं आधीच काढलेली, म्हणून निघालो. टोकिओ स्टेशनाजवळून पिवळी हातो बस सुटते. मी दशम्या आणि लसणाची चटणी बांधली होती. सूनबाईनं चटणीचा डबा घरीच ठेवायला लावला, बंद बसमध्ये वास बसतो म्हणून. तेही मला लागलंच! नात आजोबांना चिकटली, मुलगा मागे जाऊन घोरायला लागला, आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी, खिडकीबाहेर बघत.

गाईड मुलगी फार गोड होती. हातमोजे घातलेले, गळ्याला रुमाल, आणि अखंड बोलणं. सूनबाई अधूनमधून सांगायची, तेही नातीला. एवढं मला कळलं, की १८५९ साली हे बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं. त्याआधी इथे कोळ्यांचं लहानसं गाव होतं. मग रेशमाचा व्यापार वाढला, आणि त्या रेशमासाठी आपल्याकडचे, विशेषतः सिंधी, व्यापारीही येऊन राहिले.

लाल विटांची जुनी गोदामं पाहिली. आता तिथे दुकानं आहेत, किमती विचारू नका. चिनी वस्तीत वाफाळते पांढरे गोळे विकत होते, आत लाल कडधान्याचं गोड पुरण. मी हात पुढे केला, तेवढ्यात सूनबाई दुकानदाराशी काहीतरी बोलली आणि माझ्यापुढचा गोळा तिनं बाजूला केला. त्या पुरणात बहुधा डुकराची चरबी घालतात म्हणे. मी दशमीच खाल्ली. ह्यांनी आणि नातीनं काय खाल्लं ते मी पाहिलं नाही असं समजा.

तिथून बस यामाशिता पार्ककडे वळली. समुद्राला लागून लांबच लांब बाग, गुलाब नुसते ओसंडलेले, धक्क्याला १९३० सालचं हिकावा मारू नावाचं जहाज कायमचं बांधून ठेवलेलं. गाईड मुलीचा आवाज इथे जरा उतरला. सूनबाई ऐकत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, ही जमीन समुद्र बुजवून केलीय. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात जे शहर पडलं, त्याचा राडारोडा इथे टाकला आणि वर बाग केली."

अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी झाला तो. बायांनो, ती वेळ कुठली ते तुम्हाला सांगायला नको. घरोघरी चुली पेटलेल्या, भात शिजत लावलेला. लाकडाची घरं त्या चुलींवर कोसळली, त्यात वारा सुटलेला. टोकिओ-योकोहामा मिळून लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीनं. मी गुलाबाच्या ताटव्यापाशी उभी होते आणि पायाखाली कुणाचं स्वयंपाकघर असेल, एवढंच मनात येत होतं.

"या, एक दाखवते," म्हणून सूनबाई मला बागेच्या टोकाला घेऊन गेली. तिथे खांबांवर घुमट असलेली एक छत्री आहे, आपल्याकडे देवळाबाहेर असते तशी, आणि आत पाण्याचं कारंजं. मान वर केली तर छताला रंगीबेरंगी नक्षी. म्हटलं, हे इथे कसं? तर १९२३ च्या भूकंपात योकोहामातले काही भारतीयही गेले. वाचले ते बरेचसे कोबेला निघून गेले. योकोहामाच्या लोकांनी त्यांना संकटात आसरा दिला होता आणि नंतर परत बोलावून घेतलं. त्याची आठवण आणि गेलेल्यांचं स्मारक म्हणून इथल्या भारतीयांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हे पाणी शहराला दिलं.

"परत बोलावलं, आणि ते आले?" मी विचारलं.

"काही आले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आई, भीती मलाही वाटते हो. पहिलं वर्षभर मी दिवा लावून झोपायचे. परत यायचं का, ते आमचं आम्हालाच अजून ठरवता येत नाही. पण तुम्ही म्हणालात ना, 'पोरीला घेऊन या', तेव्हा वाटलं, मी तिला नीट सांभाळत नाही असं तुम्हाला वाटतं."

मला काही सुचेना. मग मी तिला कराडच्या दाराची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं लग्नाला झाली, पण कधी सांगितली नव्हती. मुलालाही नाही. ती ऐकत राहिली आणि आमच्या दोघींचं घड्याळाकडे लक्षच राहिलं नाही! बसकडे धावत सुटलो तेव्हा तीन मिनिटं उशीर झाला होता. गाईड मुलगी झेंडी घेऊन उन्हात उभी. सूनबाईनं कमरेत वाकून माफी मागितली, तिच्यामागे मीही वाकले. ह्यांनी हातातलं घड्याळ दाखवलं. जन्मात एकदा वेळेवर आलेल्या माणसाचा रुबाब काय वर्णावा!

रात्री घरी आल्यावर मी दारामागची लाल पिशवी काढायला लावली. रोज तिला बघत होते, वाटायचं प्रवासाची असेल. आत पाणी, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, शिटी, सुटे पैसे, कागदपत्रांच्या नकला, नुसतं पाणी घालून फुलणारा कोरडा भात. माणशी दिवसाला तीन लिटर, असं तीन दिवसांचं पाणी घरात ठेवतात म्हणे. बाकीच्या बाटल्या पलंगाखाली होत्या. "हादरे बसताना शेगडीकडे धावायचं नाही," सूनबाई सांगत होती, "आधी स्वतःचं डोकं सांभाळायचं, थांबलं की मग गॅस. मोठा धक्का असला तर मीटर आपणहून गॅस बंद करतो." आणि उशाशी चपला आणि विजेरी हवीच, कारण पहिली इजा होते ती फुटक्या काचेची. तुम्हीही ठेवा, फार तर घरचे हसतील.

पिशवीच्या तळाशी एक लहान पाकीट निघालं. त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ह्यांच्या साखरेच्या गोळ्या, माझा जुना चष्मा आणि आमच्या दोघांची नावं, रक्तगट, औषधं जपानीत लिहिलेला कागद. आम्ही येण्याच्या आदल्या आठवड्यात भरलं होतं तिनं.

'परत या' हे मी पुन्हा म्हटलं नाही, असं मात्र समजू नका. निघताना विमानतळावर म्हटलंच. पण त्या रात्री मी माझ्या बॅगेतल्या राजगिऱ्याच्या वड्यांची पुडी काढून पिशवीत ठेवली. सूनबाईनं ती बाहेर घेतली, पेनानं तिच्यावर तारीख घातली, आणि कोरड्या भाताच्या शेजारी नीट लावून ठेवली.