पाइप, शिडी आणि पिवळी पाटी

थोडं लांब झालंय. पण नाशिकमधल्या वायरमन, प्लंबर, सुतार भावांनी आणि ज्यांच्या घरी हे लोक कामाला येतात त्यांनीही शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आषाढातली गोष्ट. पाथर्डी फाट्याच्या पुढं एका बंगल्याचं कन्सील फिटिंग चालू होतं. मी स्प्लेंडरवर पुढं, हेल्पर मागं, त्याच्या खांद्यावर दहा फुटी पीव्हीसी पाइपांचा गठ्ठा. चौदा वर्षं मी असाच माल नेतोय. पाइप खांद्यावर, वायरची बंडलं पेट्रोलच्या टाकीवर, हातोडा-ड्रिलची बॅग दोघांच्या मध्ये. त्या दिवशी पाऊस होता. उजवीकडून रिक्षा घासून गेली, पाइपाचं टोक तिच्या टपात अडकलं आणि पोरगा गाडीवरून सरळ मागं ओढला गेला. मनगट मोडलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून मनगटावर निभावलं.

पोरगा 19 वर्षांचा, आयटीआय केलेला. दवाखान्यात त्याची आई आली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, त्याला तुमच्याकडं वायरिंग शिकायला पाठवलाय, पाइप धरायला नाही."

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. प्लास्टर निघेपर्यंत त्याचा पगार दिला, खर्च केला, पण ते उत्तर नव्हे. घरी येऊन बायकोला म्हटलं, आता गाडी घ्यायची.

गाडी घ्यायची म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळे पुढं. एकानं सांगितलं छोटा हत्ती घे, दुसरा म्हणाला जुनी ओम्नी बघ, तिसऱ्याचं म्हणणं इलेक्ट्रिक तीनचाकी. मेहुणे म्हणाले, "सात सीटची इको घ्या. आठवडाभर धंदा करा, रविवारी सगळे वणीला जाऊ." बायकोलाही ते पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्याआधी एक काम केलं, ते सगळ्यांना सांगतो. श्रावणात महिनाभर वही ठेवली. कुठं गेलो, काय सामान नेलं. महिन्यात 61 फेऱ्या झाल्या. त्यातल्या 43 फेऱ्यांना नुसती पाठीवरची बॅग पुरली: पंखा चालत नाही, एमसीबी ट्रिप होतो, गीझर शॉक मारतो असली कामं. 15 फेऱ्यांना शिडी किंवा घोडा, पाइप, बंडलं, झिरी मारायचं कटर लागलं. आणि फक्त तीन फेऱ्या सोलरच्या.

सोलरचंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान, तेव्हापासून ती कामं वाढलीत. तीन किलोवॅटला साधारण सहा पॅनल लागतात. एकेक पॅनल सात फुटांच्या पुढं लांब, पावणेचार फूट रुंद, वजन पंचवीस-अठ्ठावीस किलो. ते छोट्या हत्तीतच बसतात. पण तीन फेऱ्यांसाठी हत्ती पाळायचा? पॅनल तर पुरवठादाराच्या टेम्पोतून थेट साइटवर उतरतात. शिवाय हत्तीचा मागचा हौदा उघडा. माझा माल म्हणजे मेगर, ड्रिल, तांब्याची वायर. पावसात भिजला तर वाया, रात्री उघड्यावर राहिला तर सकाळी दिसायचा नाही. हत्ती बाद.

इलेक्ट्रिक तीनचाकी मनापासून आवडली होती. खर्च कमी, आवाज नाही. पण माझी कामं सिन्नर, घोटी, त्र्यंबकपर्यंत असतात. हायवेला ट्रकच्या शेजारून तीन चाकांवर जायचं धाडस होईना. आणि दुसरी गोष्ट ऐकून हसाल. गंगापूर रोडच्या बंगल्यांत मी स्वतः चार्जिंग पॉइंट बसवलेत. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग, सगळं नीट. पण मी राहतो त्या सिडकोतल्या बिल्डिंगला खाली पार्किंगच नाही, गाड्या रस्त्यावर. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून रस्त्यावरची गाडी चार्ज करू नका, असं मीच लोकांना सांगतो. मग मीच कशी करू?

राहिली इको आणि तिचा रंग. गाडीचा नव्हे, पाटीचा. पांढरी की पिवळी?

आपल्यातले निम्मे लोक पांढऱ्या पाटीची सात सीटची गाडी घेतात, मागच्या सीटा काढतात आणि माल भरतात. मीही तेच करणार होतो. मग ओळखीच्या विमा एजंटानं खासगी गाडीची पॉलिसी समोर ठेवली आणि म्हणाला, हे बारीक अक्षर वाच. त्यात गाडीचा वापर कशासाठी चालेल ते लिहिलेलं असतं. नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक त्यातून वगळलेली असते. म्हणजे सहा बंडलं, पाइप आणि डीबी घेऊन चाललोय आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. वर सीटा काढणं म्हणजे आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करणं, ते विनापरवानगी चालत नाही. मनगट मोडलेला पोरगा डोळ्यांसमोर होता. तेवढ्यावर पांढरी पाटी गेली, आणि रविवारची वणीपण.

पिवळ्या पाटीची भीती मात्र विनाकारण असते. लोक म्हणतात परमिट लागेल, वेगळं लायसन लागेल. तर ऐका. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्यातच तसं आहे. लायसनचा प्रश्न सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 6 नोव्हेंबर 2024 ला मिटवला: साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालते. फिटनेस मात्र करावा लागतो, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. विम्याचा हप्ताही जास्त बसतो. पण तो विमा माझ्या कामाचा असतो.

शेवटी दसऱ्यानंतर 2021 ची इको कार्गो घेतली. दोन सीटा, मागं बंद खोका, कुलूप. वर कॅरिअर बसवलं. गाडी 3.67 मीटर, पाइप तीन मीटरचा, म्हणजे मागंपुढं टोक बाहेर येत नाही. 2019 च्या कायदादुरुस्तीत माल गाडीबाहेर काढण्याला 20 हजारांचा दंड लिहिलाय. पण दंड राहू द्या, ते टोक कुणाच्या तोंडाशी जातं ते मी बघितलंय.

आता पैशाचं. सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, चांगलं झालं. तरी नवी गाडी माझ्या आवाक्याबाहेरच होती. मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही, असं आपण जाहिरातीत वाचतो. एका बँकेत गेलो. साहेबांनी तीन वर्षांचे रिटर्न मागितले, दोन जामीनदार मागितले आणि शेवटी म्हणाले, जुन्या गाडीला आम्ही देत नाही, शोरूमचं कोटेशन आणा. चार चकरा झाल्यावर पतसंस्थेतून घेतलं. व्याज जास्त, पण चौथ्या दिवशी पैसे हातात.

मग कुणीतरी म्हणालं, पीएम विश्वकर्मा बघ. पाच टक्के व्याजानं पहिल्यांदा एक लाख, मग दोन लाख, अवजारांना 15 हजार. योजना उत्तम आहे. यादीत अठरा धंदे आहेत. सुतार आहे, गवंडी आहे, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, कुलूपवाला सगळे आहेत, आणि असायलाच हवेत. वायरमन नाही. परंपरागत धंदा नाही म्हणून असेल. पण माझे मामा वायरमन, मी वायरमन, आता हा पोरगा वायरमन. परंपरा व्हायला अजून किती पिढ्या लागतात? आपल्या खासदार-आमदारांपैकी कुणाच्या वाचनात आलं तर एवढा प्रश्न वर पोचवा.

दुसरी मागणी महापालिकेकडं. कुंभमेळ्यासाठी रस्ते होतायत, त्यात मेन रोड, रविवार कारंजासारख्या ठिकाणी कारागिरांच्या गाड्यांना पंधरा मिनिटं सामान उतरवायची जागा आखून द्या. फुकट नको, पावती फाडा.

तिसरी मागणी सोसायट्यांकडं. परवा एका ठिकाणी वॉचमननं अडवलं, "मालवाहू गाडी आत नाही." लिफ्ट बंद पडली म्हणून तिथल्याच सेक्रेटरींनी फोन करून बोलावलं होतं, पॅनलची मेन लाइन उडाली होती. दहा फुटी शिडी खांद्यावर घेऊन गेटपासून चालत गेलो. पिवळी पाटी बघून माणूस ठरवू नका. ती लावणारा नियमानं चाललाय, एवढंच तिचा रंग सांगतो.

आणि धंद्यातल्या भावांना एकच. गाडी घेण्याआधी महिनाभर वही ठेवा. शेजाऱ्याची गाडी बघून घेऊ नका, वर्षातून दोनदा लागणाऱ्या मालासाठी घेऊ नका आणि पाहुण्यांसाठी तर मुळीच घेऊ नका. माझी स्प्लेंडर मी विकली नाही. बॅगेच्या कामाला अजून तीच, कारण 43 फेऱ्या तिच्याच आहेत.

पोरगा परत आलाय. पावसाळी हवा असली की मनगट दुखतं म्हणतो. पहिल्या दिवशी गाडीत बसला, बेल्ट लावला आणि सवयीनं उजवा हात खांद्याकडं गेला. पाइप वर कॅरिअरला बांधलेले होते. दोघंही हसलो.

पुढच्या वेळी वायरमन दारात आल्यावर व्हिजिटिंग चार्जवरून घासाघीस कराल, तेव्हा तो कशावर बसून आलाय आणि त्याच्या मागं कोण बसलंय, हे एकदा खिडकीतून बघा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, रात्री काम आटपल्यावर उत्तर देतो.