मराठी निवडल्यावर ‘ल’ कुठला?

‘हे सेटिंग शंभरात दोघंसुद्धा उघडत नाहीत.’ मीटिंगमधलं हे वाक्य मला अजून सलतं. म्हैसूरच्या एका छोट्या कंपनीत मी मुलांच्या वाचनाच्या अ‍ॅपचं टेस्टिंग करत होते. कन्नड, हिंदी, मराठी अशा भाषा होत्या. नव्या आवृत्तीत सेटिंगचं पान आटोपशीर करायचं ठरलं, तेव्हा मला ते मनापासून पटलं होतं. रंग, आवाज, बटणांचे आकार यांची तिथे नुसती खोगीरभरती झाली होती.

पण त्या साफसफाईत ‘मराठी वळण’ हे बटणही गेलं. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ जाऊन पडद्यावर हिंदीतला दंडाचा ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ आला. युनिकोडमध्ये ‘ल’च्या दोन्ही वळणांना क्रमांक एकच. दोन्ही वळणं असलेला फॉन्ट सहसा मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितलं, तरच मराठी वळण काढतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मराठीची वळणं ठरलेली आहेत. म्हणजे बालभारतीच्या पुस्तकात मूल एक ‘ल’ गिरवणार आणि आमच्याकडे दुसराच वाचणार.

मी हे मांडलं. ‘वाचता येतंय ना?’ एवढंच उत्तर आलं आणि पुन्हा सेटिंग किती जण उघडतात त्या आकड्यांचा तक्ता. पण सहा वर्षांचं मूल त्या तक्त्यात दिसणार कसं? ते सेटिंग उघडत नाही, तक्रार करत नाही. समोर येईल ते अक्षर आपलं म्हणून शिकतं. म्हैसूरचाच एक सहकारी तेवढा बोलला, ‘कन्नड मुलांना तेलुगू वळणाची अक्षरं दाखवली तर चालेल आपल्याला?’ त्या लिप्या इतक्या जवळच्या, तरी युनिकोडने त्यांना वेगळे विभाग दिलेत, म्हणून कन्नड मुलांवर ही वेळ येत नाही. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. पुढचा विषय निघाला. बटण गेलं ते गेलंच.

तेव्हा ते परत यावं म्हणून मी भांडले. आता वाटतं, ते बटण मुळात असायलाच नको होतं. भाषा मराठी निवडली की वळणही मराठीच यावं. एकदा सांगितलेलं पुन्हा कशाला विचारायचं? अक्षर किती मोठं हवं, हे जरूर विचारा. डोळे ज्याचे त्याचे असतात. लिपी मात्र पालकांनी शोधून चालू करायची गोष्ट नाही.

तुम्ही अ‍ॅप बनवत असाल, तर भाषा मराठी ठेवून ‘कुशल’ एवढा एकच शब्द उमटवून बघा. श आणि ल हिंदी वळणाचे दिसले, तर नवं सेटिंग घालू नका. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा आणि मराठी वळणं असलेला फॉन्ट वापरा.