काजळीचे उपकार

परवा रात्रभर वीज नव्हती. सौ.चं ऑक्सिजनचं मशीन नव्या इन्व्हर्टरवर पहाटेपर्यंत चाललं. मी मात्र टक्क जागा. (जुन्या बॅटरीनं गेल्या पावसाळ्यात दगा दिला होता ना!) सकाळी नातवाला विचारलं, "आत आहे तरी काय रे?"

"आबा, लिथियम आयर्न फॉस्फेट."

टेक्सासच्या प्रा. गुडइनफ यांच्या गटानं १९९७ मध्ये मांडलेला पदार्थ. सहसा पेट न घेणारा, पण वीज वाहून नेण्यात अगदी मठ्ठ. मग त्याचे नॅनो कण करून त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवला. साखरेसारखा पदार्थ हवेविना तापवूनही तो मिळतो. माझ्या भाषेत काजळीच! लहानपणी कंदिलाची काच पुसताना मी तिला किती शिव्या घातल्यात.

गुडइनफना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी. सौ.ला सांगितलं तर मास्कमधून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला अजून वेळ आहे."