मोत्यांचा किनारा आणि रिकामी ओंजळ

आइसलँडच्या पश्चिम अंगाला स्नायफेल्सनेस नावाचे एक चिंचोळे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेले आहे. त्याच्या टोकाशी स्नायफेल्सयोकुल हा १४४६ मीटर उंचीचा, माथ्यावर हिमनदी धारण करणारा ज्वालामुखी उभा आहे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हेर्न यांनी १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आपल्या प्रवाशांना पृथ्वीच्या पोटात उतरवले, ते याच पर्वताच्या मुखातून. पर्वताच्या पायथ्याशी, काळ्या लाव्हाच्या कड्यांनी वेढलेला एक लहानसा किनारा आहे. त्याचे नाव द्युपालोन्ससांदुर. नावाचा अर्थ खोल तळ्याची वाळू असा होतो. प्रत्यक्षात मात्र तेथे गुळगुळीत, गोलसर, काळ्याभोर खड्यांचेच राज्य आहे.

राजधानी रेक्याविकपासून हे अंतर सुमारे २०० किलोमीटरचे. शेवटच्या टप्प्यात मुख्य रस्ता सोडून एक अरुंद फाटा समुद्राकडे उतरतो. दोन्ही बाजूंना थिजलेल्या लाव्हाचे ओबडधोबड रान आणि त्यावर राखाडी-हिरव्या शेवाळाची जाड गादी. झाड असे दृष्टीस पडत नाही. वळणे घेत उतरणारा हा रस्ता वाहनतळाशी संपतो आणि पुढे लाव्हाच्या भिंतींमधून पायवाट सुरू होते. या वाटेला तेथील भाषेत ‘बैलाची वाट’ म्हणतात. डावी-उजवीकडे चित्रविचित्र आकारांचे सुळके उभे असतात. त्यांतील एकाला आरपार भोक असून त्यातून नेमके हिमशिखर दिसते.

वाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय या जागेचे वर्णन पुरे होणार नाही. या देशात मोटार भाड्याने देणारे लोक गिऱ्हाइकाला पहिली सूचना देतात, ती दार दोन्ही हातांनी घट्ट धरून उघडण्याची. कारण एका झोतासरशी दार बिजागरीतून निखळू शकते. द्युपालोन्ससांदुरला उतरताना या सूचनेतील शहाणपण पटते. टोपी हातात घ्यावी लागते, बोलणे कानाशी येऊन करावे लागते. जून महिन्यातही अंगावर लोकर हवी.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी ऐकू येतो तो खड्यांचा आवाज. लाट वर चढते तेव्हा गडगडाट होतो. परतताना हजारो खडे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात आणि धान्य पाखडल्यासारखा दीर्घ खळखळाट उठतो. याच घर्षणातून हे खडे घडले आहेत. ज्वालामुखीचा रस समुद्राशी येऊन थिजला, लाटांनी त्याचे कडे फोडले, तुकडे एकमेकांवर आपटून त्यांच्या धारा बोथट झाल्या. लाटांचा जोर मोठा असल्याने बारीक कण वाहून जातात आणि जड खडे मागे राहतात. वर चढलेले पाणी खड्यांच्या फटींतून झिरपून जाते, त्यामुळे परतणारी लाट दुबळी पडते आणि खड्यांचा उंच, उभा बांध तयार होतो. मात्र पाण्याच्या कडेला खालून ओढणारा प्रवाह अत्यंत जोरदार आहे. समुद्रात पाय घालू नये, ही तेथली सूचना अक्षरशः पाळण्याची आहे.

ओल्या खड्यांची चकाकी पाहून लोकांनी त्यांना ‘द्युपालोनचे मोती’ असे नाव दिले आहे. आणि हे मोती कोणीही नेऊ नयेत, असेही बजावले आहे. २००१ साली स्थापन झालेल्या स्नायफेल्सयोकुल राष्ट्रीय उद्यानात हा किनारा येतो.

किनाऱ्यावर चार मोठे दगड ठेवलेले आहेत. आज हौशी प्रवासी ते उचलून पाहतात आणि छायाचित्रे काढतात. पण एके काळी या दगडांवर माणसाचे पोट अवलंबून होते. शेजारच्या द्रितविक या खाडीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आइसलँडमधील एक मोठा मासेमारीचा तळ होता. भरहंगामात तेथून साठपर्यंत वल्ह्यांच्या होड्या समुद्रात जात. होडीवर जागा मागणाऱ्याची ताकद या दगडांनी मोजली जाई. सर्वांत जड ‘फुल्स्तेर्कुर’, म्हणजे पूर्ण बलवान, १५४ किलोचा. ‘हाल्फस्तेर्कुर’, म्हणजे अर्धा बलवान, १०० किलोचा. ‘हाल्फद्रायत्तिंगुर’, म्हणजे अर्ध्या वाट्याचा धनी, ५४ किलोचा. आणि ‘आम्लोदी’, म्हणजे कुचकामी, २३ किलोचा. निदान ५४ किलोचा दगड कमरेइतक्या उंचीच्या कातळावर ठेवता आला नाही, तर तो मनुष्य समुद्रावर जाण्यास नालायक ठरे.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकाला मासेमारीच्या तळाविषयी वाचताना अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. जेथे झाड उगवत नाही आणि धान्य पिकवणे जवळजवळ अशक्य होते, तेथील माणसाने समुद्राकडे हात पसरला, एवढे समजून घेता येते. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. पण ज्याला ‘कुचकामी’ म्हणून परत पाठवले असेल, तो कोणत्या तोंडाने घरी गेला असेल, हा प्रश्न त्या २३ किलोच्या दगडापाशी कोणाच्याही मनात येईल. आणि करुणेला अन्नाच्या सवयींची सीमा नसते.

दगडांपासून थोड्या अंतरावर खड्यांमध्ये गंजलेल्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले दिसतात. इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदराची ‘एपाइन’ ही मच्छीमार बोट १३ मार्च १९४८ रोजी येथे फुटली. १४ जण बुडाले. पाच जणांना बचावपथकांनी वाचवले. ते लोखंड मुद्दाम आहे तेथेच राहू दिले आहे आणि त्याला हात लावू नये, अशी विनंतीची पाटी तेथे आहे. कोणताही चबुतरा नाही, पुतळा नाही. जेथे जे पडले तेथे ते राहिले, हेच त्या चौदा जणांचे स्मारक.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीकडील एक वयस्कर दांपत्य मुलगा, सून आणि नऊ वर्षांच्या नातीसह या किनाऱ्यावर उतरले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ अशी शिदोरी बरोबर होती. तेथील जून महिना व्रतस्थ माणसाची वेगळीच परीक्षा पाहतो. सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही अंधार पडत नाही. मग रात्रिभोजनत्याग पाळायचा कसा? आजोबांनी घड्याळाचे सहा वाजले की जेवण आटोपायचे, असा सोपा नियम केला होता. “सूर्य मावळत नाही म्हणून जिभेला मोकळीक मिळत नाही,” असे ते हसून म्हणत.

नातीने बोराएवढा एक खडा उचलला. तो इतका गुळगुळीत होता की तिला मुठीतून सोडवेना.

“आजोबा, एकच नेऊ? इथे किती आहेत बघा की! आणि हे कुणाचेच नाहीत.”

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अचौर्य अणुव्रत सांगताना म्हटले आहे की, दुसऱ्याची वस्तू कोठे ठेवलेली असो, पडलेली असो वा विसरलेली असो, दिल्याशिवाय घेऊ नये. पण ज्याला धनीच नाही, त्या खड्याचे काय? आचार्य अमृतचंद्रांनीही ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त गृहस्थाची अडचण ओळखली आहे: विहिरीचे पाणी वगैरे न दिलेले घेणे ज्याला सोडता येत नाही, त्याने निदान बाकीचे न दिलेले सर्व सोडावे. पाण्यावाचून माणूस जगत नाही, म्हणून ही सवलत. खड्यावाचून कोणाचे काय अडते?

चोरीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी समंतभद्रांनी याच ग्रंथात सांगितलेले दुसरे एक व्रत येथे अधिक नेमके लागू पडते. ते म्हणजे अनर्थदंडविरती. निष्प्रयोजन पृथ्वी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे या गोष्टींना त्यांनी प्रमादचर्या म्हटले आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा यांनाही जीवांचे शरीर मानणाऱ्या धर्मात ‘निष्प्रयोजन’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गरजेपुरते घेणाऱ्या गृहस्थाला हा धर्म समजून घेतो. मौजेखातर घेणाऱ्याला थांबवतो.

आजोबांनी शास्त्र सांगितले नाही, हिशेब सांगितला. “समज, बाळ, वर्षाला एक लाख माणसे इथे आली आणि प्रत्येकाने शंभर ग्रॅमचा एकच खडा नेला. किती झाले?”

नातीने बोटांवर शून्ये मोजली. “दहा हजार किलो!”

“म्हणजे त्या थोरल्या दगडासारखे पासष्ट दगड. जो एकटा उचलायला जवान गडी कमी पडत, असे पासष्ट. आणि नेणारा प्रत्येक जण म्हणेल, मी तर एकच नेला.”

नातीचे समाधान झाले असे नाही. तिचे डोळे भरून आले. आजी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, “हातात धर की हवा तितका वेळ. बघायला कुठे मनाई आहे?” मग दोघींनी मिळून तो खडा पाण्यात भिजवलेल्या रुमालाने पुसला, उन्हाकडे धरला, गालाला लावला. निघण्याची वेळ झाली तेव्हा नातीने तो स्वतःच्या हाताने बांधावर ठेवला. दुसऱ्याच लाटेला तो इतर खड्यांत मिसळला आणि ओळखू येईनासा झाला.

जगात इतरत्रही हा हिशेब आता मांडला जात आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ पासून किनाऱ्यावरील वाळू, खडे वा शिंपले नेणाऱ्याला ५०० ते ३००० युरोपर्यंत दंड होतो. आइसलँडमध्ये प्रवाशांनी हौसेने दगडांच्या उतरंडी रचू नयेत, असेही सांगितले जाते. कारण जुन्या काळी वाटसरूंना मार्ग दाखवण्यासाठी रचलेल्या उतरंडींशी त्यांची गल्लत होते. दंडाच्या भीतीने पाळलेला नियम पहारेकरी असेपर्यंत टिकतो. व्रत मात्र निर्जन किनाऱ्यावरही बरोबर असते.

या किनाऱ्यावर जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जून ते ऑगस्ट हा काळ सोयीचा. टाच धरून ठेवणारे बूट हवेत, कारण खड्यांवर पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. वारा अडवणारा अंगरखा हवा. आसपास वस्ती विरळ असल्याने शाकाहारी माणसाने शिदोरी बरोबर बाळगावी आणि तिचा कागदाचा कपटाही परत आणावा, अन्यथा वारा तो क्षणात समुद्राला अर्पण करतो. चढताना ज्येष्ठांनी मध्ये थांबावे. थांबण्याच्या प्रत्येक जागेवरून मागचा समुद्र निराळा दिसतो.

आपल्याकडे सम्मेदशिखरजी असो वा गिरनार, पर्वत उतरताना पिशवीत काय घातले आणि वाटेवर काय टाकले, याचा जमाखर्च प्रत्येक यात्रेकरूने मांडण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना शून्य आले, तर यात्रा नफ्यात गेली असे समजावे.