दूध तोडलेल्या गोऱ्ह्यास




तीन महिन्यांचा झालास आणि तुला आईपासून तोडलं. मांसासाठी पाळलेल्या तुझ्या भाईबंदांना एरवी सातेक महिने दूध मिळतं. तुझं आधीच का तुटलं, हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून हे पत्र. तुझी आई पहिलारू आहे. तिची स्वतःची वाढ अजून पुरी व्हायची आहे, त्यात तुला पाजून तिच्या बरगड्या दिसू लागल्या. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते. दरवर्षी वासरू हवं, तर व्यायल्यावर ८०-८२ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. वासरू कासेला लुचत असलं की हाडकलेली गाय माजावर यायला वेळ लावते. तेव्हा दूध तोडलं ते तिच्यासाठी आणि पुढच्या वासरासाठी. तुझ्या भल्याचा विचार त्यात नंतर येतो. तो यायलाच हवा, एवढंच माझं म्हणणं.

तू चरणार आहेस ते फ्लॉरिडातलं बाहिया गवताचं कुरण. जूनच्या पावसानंतर ते हिरवंगार दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, या वासराला आता काय कमी? पण हे उन्हाळी गवत झपाट्याने वाढतं, तितक्याच लवकर निबर होतं. तंतू वाढतो, प्रथिनं घटतात. मोठी गाय दिवसभर ओरपून, रवंथ करून त्यावर निभावते. तुझं कोठीपोट अजून लहान आहे. ते गवताने भरेल, पण अंगी फारसं लागणार नाही.

म्हणून रोजचा खुराक. वजन शंभर किलो धरलं तर किमान किलोभर, आणि तू वाढशील तसा वाढता. नुसता मका नको. पिष्ट जास्त झालं की पोटात आम्ल वाढतं आणि गवत पचवणारे जिवाणूच मंदावतात. त्यापेक्षा सोयाबीनची टरफलं बरी, त्यांचा तंतू सहज पचतो. युरिया घालून प्रथिनांचा आकडा फुगवलेला स्वस्त खुराक तुझ्या वयाला चालत नाही. रक्ती हगवणीला आळा बसावा म्हणून खुराकात मोनेन्सिन घालतात. (ते घोड्याला मात्र विष. तुमच्याकडचे गुराखी घोड्यावरून फिरतात, तेव्हा घोडा तुझ्या गव्हाणीपासून लांबच बांधलेला बरा.)

थेट मोठ्या कुरणात सोडलं तर तू कुंपणाशी हंबरत फिरशील आणि गव्हाणीकडे ढुंकूनही पाहणार नाहीस. आधी आठ-दहा दिवस लहान वाड्यात ठेवून खुराकाची सवय लावायला हवी. दमट उन्हाळ्यात गवतावर जंतांच्या अळ्या असतात आणि त्यांना तोंड देण्याची ताकद तुझ्या वयात नसते. म्हणून तुला मोकळं ठेवलेलं, विसावलेलं कुरण द्यावं, मोठ्या गुरांनी तुडवलेलं नको.

तुझ्या आईच्या खांद्यावर छोटंसं वशिंड आहे. ते अमेरिकन ब्राह्मन जातीकडून आलं, आणि त्या जातीत गीर, ओंगोलबरोबर आमच्या कृष्णाकाठच्या गुरांचंही रक्त आहे. ऊन सोसण्याचा गुण तुला तिकडून मिळाला. त्याने भूक मात्र भागत नाही.

खुराकाला पैसे पडतात, हे खरं. पण कोवळ्या वयात खाल्लेल्याचं जितकं वजन होतं, तितकं पुढे होत नाही. आणि पुढे तू टेक्सास किंवा कॅन्ससच्या गुरं पुष्ट करणाऱ्या वाड्यांत जाणार, तिथे तुझी किंमत वजनावरच ठरेल. तिथवरचा तुझा प्रवास मला आवडतो असं नाही. पण जितके दिवस तू या कुरणात आहेस, तितके दिवस तुझं पोट ही मालकाची जबाबदारी आहे. ज्याची सगळा उन्हाळा रोज गव्हाण भरायची तयारी नाही, त्याने तुला आईजवळच ठेवावं.